यादी घेणाऱ्याची

कंपनीच्या गोडाऊनमध्ये पडून राहिलेला माल वाईट असतोच असं नाही. साबणाच्या वडीचं वजन पाच ग्रॅमनी कमी झालं किंवा वेष्टनाचा रंग बदलला, की जुना माल बाजारात पाठवणं थांबतं. परदेशी खरेदीदाराने ऑर्डर रद्द केली की सोलापूरच्या कारखान्यात टॉवेलांचे गठ्ठे तसेच राहतात. त्यांच्यावर तिकडच्या दुकानाचं नाव विणलेलं असेल, तर ते इथे विकायचीही पंचाईत. जून उलटला की दप्तरांचा मोसम सरतो. बिस्किटांच्या खोक्यावर दोनच महिन्यांची मुदत उरली असेल, तर डिस्ट्रिब्युटर माल उतरवूनच घेत नाही. ऑफिसातले कॉम्प्युटर चालू असतात, पण हिशेबात त्यांची किंमत शून्यावर आलेली असते.

या मालाचं पुढे काय होतं, हे ग्राहकाला सहसा दिसत नाही. थोडा सवलतीत जातो, थोडा भंगारवाल्याकडे जातो आणि काही चक्क नष्ट केला जातो. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीने एका आर्थिक वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं २०१८ साली तिच्याच वार्षिक अहवालातून बाहेर आलं, तेव्हा मोठा गहजब झाला आणि कंपनीने ती पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. महागडा कोट स्वस्तात कुणाच्याही अंगावर दिसला तर नावाची किंमत उतरते, एवढंच त्यामागचं गणित होतं. ते गणित एका बर्बेरीपुरतं नाही.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडची वसतिगृहं, आश्रमशाळा, वृद्धाश्रम, मतिमंद मुलांच्या शाळा आणि रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या धर्मशाळा आहेत. महिन्याच्या खर्चाचा कागद पाहिला तर त्यांना साबण, टॉवेल, चादरी, दप्तरं, बिस्किटं हेच लागत असतं. दोन टोकं जोडायला एक ट्रक पुरेल, असं कुणालाही वाटावं. पण सगळ्या व्यवहारात सोपं काय असेल तर तो ट्रक. ट्रक निघण्याआधी काय ठरायला हवं आणि तो रिकामा होऊन गेल्यावर काय काय निस्तरावं लागतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. मराठीत देणगीवर, दानशूरांवर आणि संस्थांच्या कार्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण वस्तूंच्या देणगीकडे धंद्याच्या शिस्तीने पाहणारं लेखन फारसं नाही. म्हणून या पुस्तकाचं मोल.

वस्तू देण्याची ही रीत संघटितपणे उभी राहिली ती पाश्चात्त्य देशांत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली पहिली फूड बँक सुरू केली. दुकानदार फेकून देणार असलेलं खाण्याजोगं अन्न एका ठिकाणी जमा करायचं आणि गरजूंना जेवू घालणाऱ्या संस्थांनी तिथून न्यायचं, अशी ती साधी योजना. १९८३ साली थ्रीएम कंपनीने १.२ कोटी डॉलरचं नवं ऑफिस साहित्य देऊ केलं, तेव्हा ते वाटायचं कुणी आणि कसं असा प्रश्न पडला, आणि त्यातून केवळ वस्तुरूप देणग्या हाताळणारी संस्था उभी राहिली. ती आज गुड थ्रीसिक्स्टी या नावाने ओळखली जाते. ब्रिटनमध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने १९९६ साली इन काइंड डायरेक्ट सुरू झाली. फ्रान्स त्याहून पुढे गेला. तिथे २०१६ पासून मोठ्या सुपरमार्केटना न विकलेलं खाण्याजोगं अन्न नासवायला कायद्यानेच बंदी आली, आणि २०२० च्या कायद्याने हीच बंदी कपडे, साबण यांसारख्या इतर मालालाही लागू करायचं ठरवलं.

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. देणारी कंपनी आणि घेणारी छोटी संस्था यांच्यामध्ये कुणीतरी तिसरा उभा आहे. तो कंपनीकडून कंटेनरभर माल उचलतो आणि संस्थेला तिच्या कपाटात मावेल तेवढाच देतो. कंपनीला चाळीस हजार वड्या एका फेरीत बाहेर काढायच्या असतात. साठ मुलींच्या वसतिगृहाला महिन्याला फार तर दोनशे वड्या लागतात. मधला माणूस नसेल तर कंपनी त्या वसतिगृहाला फोनच करणार नाही, आणि केलाच तर वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीत साबणाची खोकी रचावी लागतील. आपल्याकडे हाच दुवा विरळ आहे.

आपल्याकडच्या अडचणी इथेच संपत नाहीत. जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच) पाहा. हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट केलेला, हिशेबातून काढून टाकलेला आणि भेट म्हणून दिलेला, या सगळ्या मालाची या कलमाने एकाच ओळीत वासलात लावली आहे: कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट कशालाच मिळत नाही. म्हणजे साबण जाळला काय आणि आश्रमशाळेला दिला काय, कराच्या हिशेबात फरक शून्य. उलट देण्यात वाहतुकीचा खर्च, पोचपावत्यांची जमवाजमव आणि माल पुन्हा बाजारात शिरेल ही धास्ती, हे वाढीव. आयकरातली ८० जी ची सवलत पैशांच्या देणगीपुरती. वस्तूंना ती लागू होत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. पण गोडाऊनमधल्या मालाला किंमत लावून ती या खर्चात धरता येणार नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०२१ साली स्पष्ट केलं. त्यात २०२३ च्या वित्त कायद्याने या सामाजिक कामासाठी घेतलेल्या वस्तूंवरच्या कराची वजावटही बंद केली. हे नियम करण्यामागे कारणं आहेत. मंत्रालयाने ढिलाई दिली असती, तर न खपणारा माल छापील किमतीने दाखवून २ टक्क्यांची भरपाई करणारे महाभाग कमी निघाले नसते. तरीही निष्कर्ष चुकत नाही: चांगला माल देऊ इच्छिणाऱ्या अकाउंट्स मॅनेजरला आज कायदा कुठेही हात देत नाही. लेखकांनी पुस्तकातलं कायद्यांचं प्रकरण तक्रारीच्या सुरात न लिहिता कोणता कागद कुणी करायचा या अंगाने लिहिलं आहे, ते बरं झालं.

कायदे सुधारले तरी मूळ प्रश्न उरतोच, कारण वाईट देणगीचा इतिहासही तेवढाच मोठा आहे. ७ डिसेंबर १९८८ रोजी सोव्हिएत संघातल्या आर्मेनियात भूकंप झाला. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य तिथे येऊन पडलं. नेमकं काय आलं आहे याचा अंदाज यायला ५० माणसांना सहा महिने लागले. ८ टक्के औषधांची मुदत पोहोचण्याआधीच संपली होती, ४ टक्के थंडीने गोठून वाया गेली, आणि उरलेल्यांपैकी सहज ओळखता येतील अशी ३० टक्केच होती. बाकीच्यांवरची नावं नाना भाषांतली आणि नाना ब्रँडांची. जखमींवर उपचार करायचे ते हात खोकी उघडण्यात गुंतले. अशाच अनुभवांतून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधांच्या देणगीचे नियम घालून दिले. त्यांतली तत्त्वं कुठल्याही वस्तूला लावता येतील अशी आहेत: घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे द्या, त्याने सांगितल्याशिवाय पाठवू नका, जे स्वतःच्या देशात वापरण्याजोगं मानत नाही ते दुसऱ्याला देऊ नका, आणि काय, कधी, किती येतंय ते आधी कळवा. औषध पोहोचेल तेव्हा त्याची निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, असाही दंडक त्यात आहे. मुदत संपत आली म्हणून दान करण्याची प्रवृत्ती मोडून काढायची तर असा आकडा लिहावाच लागतो.

चांगली देणगी कशी असते, ते पाहायला फार लांब जायला नको. कुष्ठरोग्यांच्या सेवेची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. अमरावतीचं तपोवन आणि वरोऱ्याचं आनंदवन मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. मात्र या रोगावरच्या बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या येतात कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सन २००० पासून नोव्हार्टिस कंपनी या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जगभरच्या रुग्णांसाठी मोफत देते. त्याआधी १९९५ पासून पाच वर्षं त्यांचा खर्च जपानच्या निप्पॉन फाउंडेशनने उचलला होता. जगातले निम्म्याहून अधिक नवे कुष्ठरुग्ण भारतात सापडतात, तेव्हा या देणगीचा मोठा वाटा आपल्याच आरोग्य केंद्रांत येतो.

ते पाकीट हातात घेऊन पाहण्यासारखं आहे. चार आठवड्यांची औषधं एकाच पुठ्ठ्यावर. महिन्यातून एकदाच, आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या गोळ्या वेगळ्या; त्यानंतर रोज घरी घ्यायच्या गोळ्या दिवसाच्या क्रमाने बसवलेल्या. रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन, डॅप्सोन ही नावं रुग्णाला वाचता आली नाहीत तरी अडत नाही. आज कुठली गोळी फोडायची ते पुठ्ठाच सांगतो. मोठ्यांचं पाकीट वेगळं, मुलांचं वेगळं. जंतूंचा प्रादुर्भाव जास्त असलेल्या प्रौढ रुग्णाला बारा पाकिटं, म्हणजे वर्षभराचा उपचार. नर्सबाईंनाही उरलेली पाकिटं मोजली की कळतं की रुग्णाचे हप्ते चुकले की नाही. ही कुठल्या गोडाऊनमध्ये उरलेली औषधं नव्हेत. ती याच रुग्णांसाठी, त्यांच्या संख्येप्रमाणे, दरवर्षी बनवली जातात आणि सरकारी व्यवस्थेतूनच पोहोचतात. रुग्णाला ती कुणाच्या दयेवर मिळाल्यासारखी वाटत नाहीत, कारण ती त्याला दवाखान्यात, इतर औषधांसारखीच मिळतात.

मर्क कंपनीचं उदाहरण याच जातीचं. आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत वाहत्या नद्यांच्या काठी काळी माशी चावून होणाऱ्या एका रोगाने माणसं आंधळी होत. त्यावरचं आयव्हरमेक्टिन हे औषध हाताशी आलं, पण ज्यांना ते हवं होतं त्यांच्या खिशात पैसा नव्हता. १९८७ साली कंपनीने जाहीर केलं की लागेल तेवढं आणि लागेल तितकी वर्षं हे औषध फुकट देऊ. गावात वजनकाटा नसतो म्हणून किती गोळ्या द्यायच्या ते उंचीवर ठरवायची तोड निघाली: खुणा केलेली एक काठी, तिच्याजवळ माणूस उभा करायचा, डोकं ज्या खुणेपाशी येईल तेवढ्या गोळ्या. काम गावातल्याच माणसांनी केलं. २०१३ साली कोलंबिया हा त्या रोगातून मुक्त झालेला पहिला देश ठरला. कंपनीने गोळ्या दिल्या हे खरंच; पण गोळी पोटात जाईपर्यंतची वाट गावकऱ्यांनी, सरकारांनी आणि संस्थांनी मिळून आखली, म्हणून हे साधलं.

अशा देणग्यांचं कौतुक करताना एक आक्षेप मात्र टाळता येत नाही, आणि लेखकांनीही तो टाळलेला नाही. फुकट देणं हे कधी कधी चढ्या किमतीची ढाल होतं. रक्ताच्या कर्करोगावरचं ग्लिव्हेक हे औषध नोव्हार्टिस कंपनी २००२ पासून भारतात बहुसंख्य रुग्णांना मोफत देत होती. विकत घेणाऱ्याला मात्र त्याचा महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे जाई, आणि भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटचा वाद चालला होता तेव्हा मोफत वाटपाचा दाखला कंपनीकडून दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारलं आणि स्वस्त औषधाची वाट मोकळी राहिली. तीच कंपनी कुष्ठरोगाच्या गोळ्या देते, तीच इथे किमतीसाठी झगडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ने तर फायझरने देऊ केलेले न्यूमोनियाच्या लशीचे १० लाख डोस नाकारले. आम्हाला दान नको, सर्वांना परवडेल अशी किंमत हवी, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच महिन्यात कंपनीने मानवतावादी संस्थांसाठी लशीची किंमत उतरवली. नाही म्हणण्याची ताकद घेणाऱ्याकडे असली तर काय घडू शकतं, याचा हा दाखला. पण ती ताकद मोठ्या संस्थेकडे असते. तालुक्याच्या गावातल्या संस्थेकडे कुठून येणार?

तिथलं चित्र आपल्या परिचयाचं आहे. कंपनीतून कॉम्प्युटर येतात. शाळेत वीज दिवसातून चार तास, दुरुस्तीवाला चाळीस किलोमीटरवर. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसतं, उद्घाटनाचा फोटो निघतो आणि फिल्टर बदलायची वेळ आली की त्याचे पैसे कुणी द्यायचे हे कुणालाच माहीत नसतं. सॅनिटरी नॅपकिनचं मशीन भिंतीवर असतं, भरायला नॅपकिन नसतात. संस्थाचालक गप्प राहतात, कारण तक्रार केली तर पुढच्या वर्षी काहीच मिळणार नाही, ही भीती. वस्तूबरोबर तिचा सांभाळ दिला नाही, तर देणारा आपला खर्च घेणाऱ्याच्या गळ्यात घालतो. या पुस्तकातला 'वस्तू आल्यानंतर' हा भाग म्हणूनच कंपन्यांतल्या लोकांनी आधी वाचावा.

पुराच्या वेळी तर हे फार उघडं पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापूर वेढलं, जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. अशा वेळी मदतीचा ओघ थांबत नाही, पण गरज दर दोन दिवसांनी बदलत असते. पहिले दोन-तीन दिवस तयार खाणं, पिण्याचं पाणी, कोरडे कपडे. पाणी ओसरलं की घरात गुडघाभर चिखल. तेव्हा बिस्किटांचे पुडे कुणी बघत नाही. हवे असतात खराटे, फावडी, घमेली, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि पाणी उपसायचा पंप. आठवड्याने चटया, पांघरुणं, शेगडी, भांडी, वह्या-पुस्तकं लागतात. गोठा वाचला असेल तर चारा आणि पेंड. महिन्याने लागतं ते शिलाई मशीन, सुताराची हत्यारं, म्हणजे पुन्हा कमवायला लागण्याचं साधन. आणि याच महिन्यात गावातला किराणा दुकानदारही उठून उभा राहू पाहत असतो. बाहेरून फुकट धान्य येतच राहिलं तर त्याच्या दुकानाची पायरी कोण चढणार? तेव्हा कंपनीने माल थांबवून त्याच्याकडूनच खरेदी करावी, हे शहाणपणाचं. कुठल्या दिवशी काय पाठवायचं याचं लेखकांनी दिलेलं कोष्टक प्रत्येक औद्योगिक वसाहतीतल्या कार्यालयात भिंतीवर असायला हवं.

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला पडलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगांना 'गूंज' या संस्थेने हात घातला, तो याच जाणिवेने. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या या संस्थेने शहरांत जमलेले कपडे निवडायचे, दुरुस्त करायचे आणि गावागावांत गरजेप्रमाणे संच करून पाठवायचे, अशी पद्धत बसवली. गावकरी विहीर खणतात, बांध घालतात, तळं साफ करतात आणि त्या कामाच्या बदल्यात तो संच घेतात. गावाला काय हवं ते गाव ठरवतं. गुप्तांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचं मर्म कपड्यांच्या संख्येत नाही. फुकट मिळालेली वस्तूही माणूस मान खाली न घालता घेऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं.

तयार अन्नाचा विषय लेखकांनी वेगळा ठेवला आहे, ते योग्य. चादर आठवडाभर पडून राहिली तरी चादरच राहते; वरण-भात राहत नाही. उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याविषयी भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली स्वतंत्र नियम केले. कॅन्टीन चालवणाऱ्या कंपन्यांना त्यांची माहिती हवी.

मग कंपनीने नेमकं काय करावं? पुस्तक वाचून संपवल्यावर माझ्यापाशी उरलेलं उत्तर असं: आपल्याकडे काय उरलंय ते आधी पाहू नये, जवळच्या वीस संस्थांना वर्षभरात काय लागतं, त्याच्या याद्या मागवाव्यात. तुमच्या गोडाऊनमधलं जे त्या यादीत बसेल ते द्यावं, जे बसत नाही ते देऊ नये, आणि यादीतलं जे तुमच्याकडे नाही ते सामाजिक खर्चातून विकत घेऊन द्यावं. ते तर २ टक्क्यांच्या हिशेबातही धरता येतं. दर तिमाहीला ठरलेल्या तारखेला थोडं थोडं द्यावं. वाहतूक तुमची, उतरवण्याची मजुरी तुमची. कंपनीकडे ट्रक, गोडाऊन, हिशेबाची शिस्त आणि माल वेळेवर पोहोचवणारी माणसं आहेत. संस्थेला मालाइतकीच त्यांचीही वानवा असते. आपल्या डिस्पॅच खात्यातला एक जाणता माणूस महिन्यातून एक दिवस त्या वीस संस्थांसाठी मोकळा करणं, ही कित्येक कंपन्यांच्या हातून होणारी सर्वांत मोठी वस्तूविना देणगी ठरेल.

संस्थांनाही या पुस्तकाचं सांगणं आहे, आणि ते तितकंच कडक आहे. यादी तयार ठेवा, आकडे खरे लिहा, आलेल्या मालाची नोंदवही रोज भरा, आणि नको असलेली वस्तू नको म्हणून कळवा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, म्हणून त्याचं नमुना पत्रच परिशिष्टात दिलं आहे. ज्या कंपनीला असं पत्र पोहोचेल आणि तरी पुढच्या तिमाहीत जी यादी मागायला फोन करेल, तिला देण्याची रीत कळली असं समजायला हरकत नाही.